आयटीत १६ वर्षं झाली, डिग्री नाही, आता अडलंय

तपकीर_गल्लीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, भटकंती सोडून कुठे फारसा लिहीत नाही, पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहितो. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

वय ३७. शिक्षण बारावी सायन्स, २००६, ५४ टक्के. मग पुण्याजवळच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंग, पहिलं वर्ष दोन केट्यांवर (नापास विषय मागे ठेवून) कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, जे धरलं ते सोडलंच नाही, वायडी बसला, म्हणजे वर्ष गेलं, परत एम-थ्री, परत वायडी. तोवर बाबा रिटायर झाले, फी झेपेना, २००९ला कॉलेजला रामराम.

पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका दुकानात लागलो, महिना ४,५००. मालक भला माणूस. पहिल्याच दिवशी हातात क्रिम्पिंग टूल (नेटवर्क केबलला कनेक्टर बसवायचा चिमटा) आणि शंभर कनेक्टरची पिशवी दिली, म्हणाला हे संपव मग बोलू. केबलमधल्या तारांचा क्रम: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आजही झोपेतून उठवून विचारा. त्या क्रमात हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घुसवतात हे मला दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या टेलिफोनवाल्याने सांगितलं, मधल्या दोन पिना जुन्या फोन लाइनच्या जोडीसाठी असतात म्हणून. तेव्हा जो आनंद झाला तो एम-थ्री सुटला असता तरी झाला नसता.

२०११ला हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला घुसलो. म्हणजे बसायचो त्यांच्या बिल्डिंगमध्ये, पगार द्यायचा भलताच, माणसं पुरवणारा व्हेंडर, ९,००० रुपये. आमच्या आयकार्डाची दोरी वेगळ्या रंगाची. कँटीनला सबसिडी नाही, बसला पास नाही. पण रात्रपाळीत सर्व्हर रूमला जायला मिळायचं आणि तिथल्या लिनक्सवाल्या दादाने मला शिकवलं. २०१३ला पैसे साठवून रेड हॅटची लिनक्सची परीक्षा दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या परीक्षेत अ ब क ड नसतं, एक मशीन देतात आणि कामांची यादी देतात, ३०० पैकी २१० पाहिजेत, आणि शेवटी मशीन रीबूट केल्यावर जे टिकेल तेवढंच तुमचं. पहिल्या प्रयत्नात माझी एफएसटॅबमधली (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या फाइलमधली) एक ओळ चुकली, मशीन परत उठलंच नाही, झालं, गेले पैसे. दुसऱ्यांदा पास.

पगार असा: २०१३ १४ हजार महिना. २०१५ ३.६ लाख वर्षाला. २०१८ ७.२. २०२१ १७ (त्या वर्षी सगळ्यांनाच लॉटरी लागली होती, त्यात माझी हुशारी काही नाही). आत्ता २४. काम एसआरईचं, म्हणजे सिस्टिम बंद पडू द्यायच्या नाहीत, रात्री तीनला पेजर वाजला की उठणारा मीच.

आता गंमत. गेल्या महिन्यात एका परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात चार राउंड झाले, चारही क्लिअर, मॅनेजर म्हणाला कधी येतोस, ३४ लाखांची बोलणी झाली. मग एचआरची लिंक आली, फॉर्म भरा. त्यात हायेस्ट क्वालिफिकेशनला ड्रॉपडाउन. बॅचलर्स, मास्टर्स, डॉक्टरेट. बस. बारावी नाहीच त्यात. काही निवडल्याशिवाय नेक्स्टचं बटण करडंच राहतं. मी दहा मिनिटं त्या करड्या बटणाकडे बघत बसलो. मग फोन केला, बाई म्हणाल्या चेक करून सांगते, आणि चार दिवसांनी मेल, पोझिशन ऑन होल्ड.

तर प्रश्न असे.
इतक्या वर्षांनंतर डिग्री करावी का, केली तर कुठली?
दुसरं, एकाने व्हॉट्सॲपवर ८५ हजारांत मागच्या तारखेची डिग्री देतो म्हणून सांगितलंय. करणार नाहीये, पण खरं सांगतो, मेसेज अजून डिलीट केलेला नाही.

---

खडूस_इंजिनीअर

तो मेसेज आधी डिलीट करा मग बोलू.

---

ओसरीवर

वाचून वाईट वाटलं, आणि आश्चर्य अजिबात नाही वाटलं. मी रिक्रूटमेंटमध्ये १२ वर्षं आहे, आधी सर्व्हिस कंपनीत, आता एका कॅप्टिव्हमध्ये (परदेशी कंपनीचं स्वतःचं इथलं ऑफिस), त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

लोकांना वाटतं डिग्री म्हणजे अक्कल मोजायची पट्टी. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं, तुमच्या मॅनेजरने विचारलं पण नसेल. डिग्री अडते ती चार दारांवर. पहिलं दार पोर्टलचं फिल्टर, जाहिरातीत "१५ वर्षं फुल टाइम एज्युकेशन" लिहिलेलं बघता ना, ते म्हणजे दहावी बारावी अधिक तीन. दुसरं क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट, बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की दिलेला माणूस ग्रॅज्युएट असेल, मग तुम्ही कितीही भारी असा, बिलिंगला लावता येत नाही. तिसरं बीजीव्ही, म्हणजे कागदपत्रांची आणि जुन्या नोकऱ्यांची पडताळणी. चौथं व्हिसा. तुम्ही १६ वर्षं पहिल्या तीन दारांना बगल देत आलात कारण व्हेंडरकडून आत शिरलात आणि मग ओळखीने, रेफरलने उड्या मारल्या. बरोबर का?

आणि एक. तुमच्याशी बोललेल्या बाई खोटं बोलल्या असं समजू नका. त्यांनी खरंच विचारलं असेल, वरून पॉलिसी एक्सेप्शन लागतं, त्यावर कुणीतरी सही करायची असते, आणि सही करणारा म्हणतो रांगेत दुसरा ग्रॅज्युएट उभा आहे ना, मग मी कशाला डोक्याला ताप घेऊ. चार दिवस तेवढ्यातच गेले असणार.

---

तपकीर_गल्लीवाला

@ओसरीवर, बरोबर. २०१५ पासूनची प्रत्येक नोकरी रेफरलने. पोर्टलवरून आजतागायत एक फोन आलेला नाही, मला वाटायचं माझा रेझ्युमे वाईट आहे.

---

बटाटेवडा_९०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

---

खडूस_इंजिनीअर

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये. आम्ही चार वर्षं घासली, एज्युकेशन लोन काढलं, तोच एम-थ्री तिसऱ्या अटेम्प्टला सोडवला, आणि कँपसला मिळालं किती, ३.२५ लाख. आजही त्याच आकड्याच्या आसपास फ्रेशर घेतात, पंधरा वर्षांत वडापाव कुठल्या कुठे गेला पण फ्रेशरचा पगार तिथेच. मग कंपनीने म्हटलं की डिग्री हवी तर त्यात अन्याय कसला? चार वर्षं एक गोष्ट धरून ठेवली याचा तो पुरावा आहे. धागाकर्त्याने मध्येच सोडलं. कारणं असतील, मान्य, पण सोडलं.

---

पमाताई

खडूसराव, बाबा रिटायर झाले, फी भरवेना, हे वाचलं नाही का तुम्ही? सोडलं काय, सुटलं म्हणा.

---

खडूस_इंजिनीअर

ताई, वाचलं. आमच्याकडेही आईच्या पाटल्या गहाण होत्या. असो. व्यक्तिगत घ्यायचं नाही.

---

तपकीर_गल्लीवाला

खडूसभाऊ, राग नाही. तुमच्या ३.२५ लाखांच्या वर्षी मी ९ हजारांवर होतो एवढंच नोंदवतो :)

---

ओसरीवर

पगाराचा विषय निघालाच आहे तर. डिग्री नसण्याचा खरा मार नोकरी मिळत नाही यात नाही, पहिल्या आकड्यात आहे. ९ हजार महिना म्हणजे वर्षाचे १,०८,०००. त्यावर १० टक्के हाइक म्हणजे १०,८००. खडूस यांना ३,२५,००० वर तेच १० टक्के ३२,५००. दोघांचं अप्रेझल सारखंच, रेटिंग सारखंच, आणि दरवर्षी फट रुंदावत जाते. कुणी अन्याय केला असंही नाही, टक्क्याचा हिशोबच तसा. आणि नोकरी बदलतानाही एचआर विचारते करंट सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती, मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा पाठवा, आणि त्यावर ३० टक्के देते आणि तुम्ही खूश होता. म्हणजे तुमचा २०११चा ९ हजार २०२१ पर्यंत तुमच्या मागे लागून होता.

(हो, मी पण हेच करते ऑफिसात, माझं कामच आहे ते. इथे टोपणनावाने सांगतेय.)

यातून सुटायचा मार्ग एकच, आकडा टक्क्यात मागायचा नाही. प्रत्येक रोलचा बँड ठरलेला असतो, खालचं टोक, वरचं टोक. रिक्रूटरला सरळ विचारा, या रोलला बजेट किती. सांगते, नव्वद टक्के वेळा सांगते, कारण तिलाही पोझिशन भरायचीच असते. मग करंट कितीही असो, बोलणी बँडवर न्यायची. तुमची २०२१ची उडी अशीच झाली असणार, तेव्हा माणसं मिळत नव्हती म्हणून कंपन्यांनी करंट सीटीसी बघणं सोडलं होतं.

---

सर्व्हर_डाऊन

+१ ओसरीवर. हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

---

नवीन_आयडी_घेतलाय

नेहमीच्या आयडीने लिहू शकत नाही म्हणून नवीन घेतला. ॲडमिन समजून घेतीलच.

मी बीए आहे. २०१७ला पुण्यात एका क्लासला ४५ हजार भरले, टेस्टिंगचा कोर्स, प्लेसमेंटची हमी. कोर्स संपल्यावर म्हणाले फ्रेशर म्हणून कुणी घेणार नाही, आम्ही तीन वर्षांचा एक्सपिरियन्स "लावून" देतो. कंपनीचं नाव, ऑफर लेटर, स्लिपा, रिलीव्हिंग, एचआरचा नंबर सुद्धा, फोन केला की त्यांचाच माणूस उचलायचा. बदल्यात पहिले दोन पगार त्यांना. आमच्या बॅचचे बावीस जण, किती जणांनी घेतलं सांगत नाही.

लागलो. ४.८ लाख. पहिले सहा महिने रोज सकाळी पोटात गोळा. तीन वर्षांचा अनुभवी समजून काम द्यायचे आणि मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत यूट्यूबवर तेच शिकायचो. काम जमलं हो, खरंच जमलं, दुसऱ्या वर्षी रेटिंग चांगलं. मग २०२२ला दुसरीकडे ऑफर, तिथल्या बीजीव्हीवाल्यांनी पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली. यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, पहिली नोंद २०१८ची. त्याआधीची तीन वर्षं कागदावर आहेत, पीएफमध्ये नाहीत, फॉर्म २६एएसमध्येही (कापलेल्या टॅक्सची नोंद) नाहीत. ऑफर गेली. ती जाऊ दे, एजन्सीने चालू कंपनीला व्हेरिफिकेशनचा मेल केला आणि तिथेही कळलं. एका दुपारी लॅपटॉप जमा करून बाहेर. खरा चार वर्षांचा अनुभवही आता दाखवता येत नाही कारण रिलीव्हिंग लेटर नाही.

सध्या मेव्हण्याच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग बघतो. धागाकर्ते, तो ८५ हजारवाला मेसेज प्लीज.

---

तपकीर_गल्लीवाला

डिलीट केला. आत्ता, हे वाचून.

---

पमाताई

बापरे. वाचून अंगावर काटा आला. लिहिलंत ते चांगलं केलंत.

मला वेगळंच विचारायचंय, धाग्याच्या जवळचंच आहे म्हणून इथेच विचारते. माझा भाचा लातूरला, यंदा बारावी झाला, गणित चांगलं आहे, पण घरी चार वर्षं इंजिनीअरिंगचा खर्च शक्य नाही. कुणीतरी सांगतं आयटीआयला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) कर, कुणी म्हणतं बारावीवरच कंपन्या घेतात. खरं का?

---

सर्व्हर_डाऊन

ताई, खरं आहे, पण मोजक्या कंपन्या. एचसीएलचा टेकबी नावाचा कार्यक्रम आहे, बारावीला गणित असलेली मुलं घेतात, साधारण वर्षभर ट्रेनिंग, मग नोकरी, आणि नोकरी करत डिग्रीला ॲडमिशन, त्याचा खर्च काही प्रमाणात कंपनी उचलते. नागपूरला मिहानमध्येही त्यांचं ऑफिस आहे. पगार सुरुवातीला दीड-दोन लाख वर्षाला, म्हणजे पुण्यात खोली भाडं गेलं की चहापुरते उरतील. ट्रेनिंगची फी आणि मध्येच सोडलं तर किती भरायचे हे सही करण्याआधी नीट वाचायला सांगा. दुसरं झोहो, त्यांची स्वतःची शाळाच आहे, चेन्नईला आणि तेनकासीला, बारावी आणि डिप्लोमावाली मुलं घेतात, फी नाही उलट महिन्याला विद्यावेतन, वीसेक वर्षं चालू आहे. पण तमिळनाडूत राहायची तयारी पाहिजे, आणि लातूरच्या पोराला रोज सांबार.

बीएस्सी किंवा बीसीए करायची तयारी असेल तर विप्रोचं आहे, नोकरी करत करत एमटेक.

कोपा एक वर्षाचा असतो, वाईट नाही, पण त्यावर सरळ आयटी कंपनी मिळेल असं मनात धरू नका. मी कोपावाले पाहिलेत ते ग्रामपंचायतीत, झेरॉक्स सेंटरला, बँकेच्या बाहेर. एक जण मात्र आज माझ्याच टीममध्ये डेटाबेस बघतो, तेव्हा शेवटी माणसावर.

---

पमाताई

धन्स हो. सांबार त्याला आवडतं :)

---

बीकॉमवाली

मी बीकॉम, कोल्हापूर. लग्नानंतर पुण्यात, अकाउंट्समध्ये होते ११ हजारांवर. नवऱ्याच्या मित्राच्या कंपनीत टॅलीसारखंच एक सॉफ्टवेअर बनवत होते, मला म्हणाले वापरून बघ आणि चुका सांग. मी पहिल्या दिवशी सदतीस चुका काढल्या, त्यातली एक अशी की क्रेडिट नोट टाकली की जीएसटी दोनदा वजा होत होता. प्रोग्रॅमरला क्रेडिट नोट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिथून टेस्टिंगला आले. आयएसटीक्यूबी हे टेस्टिंगचं सर्टिफिकेट केलं, मग ऑटोमेशन शिकले, आता १४ लाख.

माझा मुद्दा असा की डिग्री "आयटीची" नसली तरी चालतं, आपल्याला दुसरं काहीतरी नीट येत असेल तर. मला हिशोब येत होता. तपकीरभाऊंना केबल येत होती. नुसता जावाचा क्लास केलेले हजार आहेत बाजारात.

अवांतर: भाऊ, लग्न जमवताना बायोडाटात काय लिहिलं होतंत?

---

तपकीर_गल्लीवाला

हाहा. मावशीने लिहिला होता. "शिक्षण: इंजिनीअरिंग, पुणे." पूर्ण झालं असं कुठेही म्हटलेलं नाही. सासऱ्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, बायकोला मात्र पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, वैशालीत, डोसा यायच्या आधी. ती म्हणाली पगार होतोय ना वेळेवर.

---

बटाटेवडा_९०

बीजीव्हीपेक्षा मावशी भारी.

---

स्टुटगार्टहून

उशिरा बघितला धागा. व्हिसाचं ओसरीवर यांनी लिहिलंय त्यात भर.

अमेरिकेच्या एच-वन-बीला डिग्री किंवा तिच्या तोडीचं लागतं, आणि तोडीचं मोजताना तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष धरतात. म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीसाठी १२ वर्षं, तीही त्याच क्षेत्रातली आणि चढत्या जबाबदारीची, वर मूल्यमापनाचे कागद. धागाकर्त्याकडे वर्षं आहेत. पण इतका खटाटोप करायला कंपनी तयार पाहिजे, आणि लॉटरी आहेच.

जर्मनीत चित्र वेगळं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना डिग्री नसतानाही ब्लू कार्ड मिळतं, अट ही की मागच्या सात वर्षांत निदान तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव, आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर, २०२५ साठी ती ४३,७५९.८० युरो होती. त्यांना दशांशानंतरचे ८० सेंटही महत्त्वाचे :) हा नियम का आला ते इथे आल्यावर कळलं. माझ्या टीममधले अर्धे जर्मन युनिव्हर्सिटीत गेलेलेच नाहीत, शाळेनंतर तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि काही दिवस शाळेत, आणि बाहेर पडला की फाखइन्फॉरमाटिकर, म्हणजे आयटीतला शिकलेला कारागीर. आमचा टीम लीड तोच आहे, त्याच्या हाताखाली दोन पीएचडी. कुणाला त्यात काही वाटत नाही. तपकीर गल्लीतली तुमची दोन वर्षं तशीच होती, फक्त शेवटी कुणी शिक्का मारलेला कागद दिला नाही.

बाकी इथे थंडी, एकटेपणा आणि कर याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

---

खडूस_इंजिनीअर

हा मुद्दा पटला. आपल्याकडे पण आयटीआयची अप्रेंटिसशिप होती की, टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) शिकून निघालेल्या माणसाला कोण डिग्री विचारायचं. सॉफ्टवेअरमध्ये ते आलंच नाही, सगळं कँपसवर आणि साठ टक्क्यांवर. दहावी साठ, बारावी साठ, डिग्री साठ. आमच्या वेळी ५९.४ वाल्याला गेटवरून परत पाठवलेलं या डोळ्यांनी पाहिलंय.

---

सर्व्हर_डाऊन

एक अप्रिय गोष्ट. तपकीरभाऊ ज्या दाराने आत आले ते दार आता अरुंद झालंय. पासवर्ड रीसेट बॉट करतो, लॅपटॉप बिघडला की दुसरा हातात देतात, सर्व्हर रूम तर आमच्या ऑफिसात आता योगा रूम आहे, सगळं क्लाउडवर गेलं. एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीला, २०१५ला आमच्याकडे चाळीस पोरं होती, आता सहा. रात्रपाळीत उगाच मागे मागे फिरून शिकायला तो लिनक्सवाला दादाच उरला नाही. त्यामुळे आज एकोणीस वर्षांच्या पोराला "बघ त्याने बारावीवर केलं" असं म्हणून हा धागा फॉरवर्ड करू नका ही विनंती.

---

ओसरीवर

सहमत. आणि माणसं कमी लागायला लागली की पहिली कात्री फिल्टरवरच चालते. एका जागेला दोन हजार अर्ज आले की मी काय वाचत बसणार, ग्रॅज्युएटचा टिकमार्क लावते, आठशे उडतात, त्यातला एखादा तपकीरवाला असतो. मला माहीत असतं.

आता मूळ प्रश्न. डिग्री करा. शिकण्यासाठी नको, ड्रॉपडाउनसाठी करा. इग्नूचं बीसीए, बारावीवर मिळतं, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, ॲडमिशन जानेवारी आणि जुलैला. किंवा नाशिकचं मुक्त विद्यापीठ. युजीसीने सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीबरोबरीची. तरी काही जाहिरातींत "रेग्युलर" लिहिलेलं सापडेल, तिथे वाद घालत बसू नका, पुढची बघा. नुसतं फिल्टर ओलांडायला बीए इतिहास पण चालतो, पण कधी व्हिसाचं मनात आलं तर विषय बघतात, म्हणून बीसीए.

दूरस्थ बीई, बीटेक कुणी देतो म्हणाला तर पळा, २०१७ला सुप्रीम कोर्टाने अभिमत विद्यापीठांच्या तसल्या डिग्र्यांचं काय केलं ते शोधून वाचा.

आणि रेझ्युमेत आजपासूनच लिहा, बीसीए, चालू. ते खोटं नाही आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर गाडी पुढे सरकते.

---

तपकीर_गल्लीवाला

सगळ्यांचे आभार. तीन वर्षं म्हणजे चाळिशीला ग्रॅज्युएट. घरी बोललो, बायको म्हणाली चाळिशीला तसाही होणारच आहेस.

---

तपकीर_गल्लीवाला

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. इग्नूला बीसीए घेतलं. बारावीची मार्कशीट सापडेना, आईकडे पत्र्याच्या पेटीत निघाली, एम-थ्रीच्या हॉलतिकिटाखाली. ते पण ठेवलंय.

पहिली असाइनमेंट आलीय. हाताने लिहून द्यायची असते. पंधरा वर्षांत सही सोडून काही लिहिलेलं नाही, एक पान झालं की मनगट धरतं. मुलगा चौथीत आहे, त्याच्याच टेबलावर बसतो, काल म्हणाला बाबा तुमचं अक्षर बाईंना चालणार नाही.

त्या ३४ लाखवाल्यांचा परत फोन आला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी रेझ्युमेत बीसीए चालू लिहून पोर्टलवरून टाकला होता, आयुष्यात पहिल्यांदा पोर्टलवरून फोन आला, बजेट विचारलं, बाईंनी सांगितलं, २८ ते ३६. शुक्रवारी दुसरा राउंड आहे.

कुणी इग्नू केलेलं असेल तर सांगा, असाइनमेंटला रेघांचे फुलस्केप चालतात की कोरेच लागतात? स्टडी सेंटरला फोन कुणी उचलत नाही.

---

बीकॉमवाली

रेघांचे चालतात, माझ्या जावेने तेच दिले होते. डावीकडे समास सोडा आणि पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर. जमा करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, तिची एक असाइनमेंट हरवली होती. आणि शुक्रवारचं इथे कळवा.